'भाड्याने देणे आहे' : एका पाटीचा इतिहास

कर्जत स्टेशनातून बाहेर पडून आपण गावात चालू लागलो की विजेच्या खांबावर, पानपट्टीच्या फळीवर, नव्या इमारतीच्या जिन्याशी एक पाटी हमखास दिसते : 'रूम भाड्याने देणे आहे.' खाली टेलिफोनचा नंबर आणि कधी कधी आणखी एक ओळ. ती ओळ कधी 'फक्त फॅमिलीसाठी' अशी असते, कधी 'शाकाहारी कुटुंबास प्राधान्य' अशी असते, तर कधी त्याहून उघड असते. आपण सर्वजण ही पाटी वाचतो आणि पुढे जातो. राजेरजवाड्यांचा आणि लढायांचा इतिहास आपण मुलांना शिकवतो, पण ज्या चार शब्दांवर लाखो माणसांच्या डोक्यावरचे छप्पर अवलंबून असते त्यांचाही काही इतिहास आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. आजच्या या लेखात मी आपल्याला तोच इतिहास सांगणार आहे, आणि तो आपल्याच तालुक्यापासून सुरू करणार आहे.

प्रारंभीच एक गोष्ट ध्यानी घ्यावी. भाड्याचे घर ही काही सनातन चीज नव्हे. माथेरानच्या उतारावर, कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या डोंगरपट्टीत जागोजागी ज्या ठाकुरवाड्या आहेत, तेथे कालपरवापर्यंत 'भाडे' हा शब्द घराच्या बाबतीत कोणी वापरलाच नव्हता. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर माती आणि शेण यांचा लेप, वर पेंढ्याचे शाकार. असे घर वाडीतले लोक मिळून उभे करीत. मुलगा वेगळा झाला की त्याचे घर शेजारी उठे. परगावचा पाहुणा आला तर तो ओटीवर निजे. घर रिकामे ठेवायचे, त्यावर पाटी लावायची आणि अनोळखी माणसाकडून दरमहा पैसे घ्यायचे, ही कल्पना तेथे रुजण्यास कारणच नव्हते. आपल्या कोकणी मुस्लीम गावांतही फारसे वेगळे नव्हते. गावातला जवान मुंबईस जहाजावर नोकरीसाठी निघाला की तो गावच्या जमातीच्या खोलीवर उतरे. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे मुंबईतले कूड याच धर्तीचे. अशा खोल्यांची जाहिरात कधी झाली नाही. गावाचे नाव सांगितले की दार उघडे.

मग आपल्या तालुक्यात भाड्याच्या घराची प्रथा कोणी आणली? तिचे एक मोठे दार माथेरानला उघडले. १८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट यांचा मुक्काम खालापूरकडच्या चौक गावी होता. समोरचा डोंगर पाहून ते वर चढले, त्यांना हवा पसंत पडली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी पुन्हा येऊन त्यांनी राहण्यापुरते घर बांधले. (त्या काळी कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता. तो १८९१ साली कुलाब्यात आला, आणि कुलाब्याचे रायगड १९८१ साली झाले.) इतिहासाच्या पुस्तकांत मॅलेटसाहेबांनी माथेरानचा 'शोध' लावला असे लिहिलेले असते. वर ठाकूर, कातकरी आणि धनगर पिढ्यान् पिढ्या वावरत होते. त्यांना तो डोंगर हरवलेला नव्हता.

मॅलेट यांच्या मागोमाग कॅप्टन बार यांचे घर झाले, गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांची कोठी झाली, आणि हळूहळू इंग्रज अधिकारी, पारशी शेठ, बोहरी आणि अन्य व्यापारी यांचे बंगले त्या जंगलात उभे राहिले. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली होती, त्यामुळे नेरळला उतरून घोड्यावरून अथवा पालखीतून वर जाता येई. माथेरानचा हंगाम दोन तुकड्यांत : दिवाळीच्या आसपास आणि मग उन्हाळ्यात, मृगाचा पाऊस लागेपर्यंत. मालक सगळा हंगाम तेथे राहीलच असे नव्हते. मग उरलेल्या महिन्यांसाठी बंगला सामानसुमानासह भाड्याने द्यावा, हा विचार साहजिकच आला. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांची पहिली पाने त्या काळी बातम्यांनी भरलेली नसत, छोट्या जाहिरातींनी भरलेली असत. तेथे माथेरान, खंडाळा, महाबळेश्वर येथील बंगल्यांच्या जाहिराती येत. इंग्रजीतले 'टु लेट' हे दोन शब्द असे आपल्या लोकांच्या तोंडी आले, आणि पुढे 'टुलेटची पाटी' हा मराठीतलाच शब्द होऊन बसला.

या प्रकरणात आपल्या विद्यार्थ्यांनी एक नाव विसरू नये. नेरळ–माथेरान ही चिमुकली रेल्वे १९०४ ते १९०७ या काळात बांधली गेली ती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशाने. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतले आणि सुमारे सोळा लाख रुपये खर्च झाले. दोन फुटांच्या रुळांवरून २१ किलोमीटर वर जाणाऱ्या या गाडीने बंगल्यांची मागणी वाढवली. जेथे पोचणे सोपे, तेथे भाडे अधिक, हा नियम आजच्या एजंटांनी शोधून काढलेला नाही.

पण ज्या वाड्यांच्या अंगणातून हे सारे वर गेले, त्यांच्या वाट्यास काय आले? डोक्यावरून सामान नेणे, पाणी भरणे, लाकूडफाटा, आणि पावसाळ्यात साहेबांच्या रिकाम्या बंगल्याची राखण. चार महिने धुवाधार पावसात ज्या घराची किल्ली ठाकराच्या कनवटीला असे, त्या घरात भाडेकरू म्हणून तो कधी गेला नाही. जाहिरात त्याच्यासाठी नव्हतीच. हा मुद्दा मी येथे नुसता मांडून ठेवतो. त्याकडे मला परत यायचे आहे.

आता मुंबईकडे वळू. पाटीचा खरा इतिहास तेथे घडला.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. लाखो लोक शहर सोडून गावी पळाले आणि चाळीच्या चाळी ओस पडल्या. १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. कोंदट वस्त्या पाडून रस्ते काढणे आणि चाळी बांधणे हे तिचे काम. लोक परतले तेव्हा पाडलेल्या खोल्या जितक्या होत्या तितक्या नव्या झालेल्या नव्हत्या. तरीही पहिल्या महायुद्धापर्यंत घरमालकाला भाडेकरू शोधावा लागे. कायदाही साधा होता. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम मुंबई इलाख्यास १८९३ पासून लागू झाला. त्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर महिन्याच्या भाडेकरूस पंधरा दिवसांची नोटीस दिली की जागा खाली करून मागता येई. भाडे किती घ्यावे यास बंधन नव्हते.

युद्धाने हे बदलले. कारखाने धडाडले, माणसे आली, बांधकाम थांबले, भाडी चढली. १९१८ साली मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला. तो युद्धापुरता होता आणि काही वर्षांनी संपला. दुसरे महायुद्ध आले तसे १९३९ आणि १९४४ चे कायदे आले, आणि अखेर १९४७ चा ५७ क्रमांकाचा कायदा, जो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. पालकांपैकी ज्यांचे वडील चाळीत राहिले असतील त्यांना 'रेंट ॲक्ट' म्हटला की हाच आठवेल. त्याचा गाभा एका तारखेत होता : १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जागेचे जे भाडे असेल ते 'प्रमाण भाडे'. त्याहून अधिक घेणे गुन्हा. भाडेकरू भाडे देत असेल, जागेची नासधूस करीत नसेल आणि मालकाला स्वतःला राहण्याची खरी गरज नसेल, तर त्याला काढता येणार नाही.

हा कायदा गरिबाच्या बाजूचा होता, यात संशय नाही. गिरणी कामगाराच्या आणि गोदीतल्या हमालाच्या पोरांनी खोलीच्या दिव्याखाली अभ्यास केला तो या कायद्याच्या आधाराने. महिन्याकाठी कोणी बाहेर काढील ही धास्ती नसली म्हणजेच शाळा बदलत नाही. फाळणीच्या दिवसांत निर्वासित आले, तेव्हाही त्याने भाड्यांना लगाम घातला. परंतु १९४० चे भाडे १९६० मध्ये, १९८० मध्येही तेच राहिले. दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या कित्येक पटींनी वाढला, मालकाने गळत्या छपराकडे पाहणे सोडले, आणि दर पावसाळ्यात मुंबईत जुन्या इमारती कोसळू लागल्या.

आणि पाटी? पाटी नाहीशी झाली. हे माझे स्वतःचे अनुमान आहे, पण आपणही आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. ज्या खोलीतून माणूस निघत नाही आणि जिचे भाडे वाढत नाही, ती खोली मालक उघड्यावर का टाकील? खोली आता कुजबुजीत विकली जाऊ लागली. तिचे नाव पागडी. १९४७ च्या कायद्याने भाड्याव्यतिरिक्त असा वरचा पैसा घेणे शिक्षापात्र ठरवले होते. तरीही तो अंधारात दिला घेतला जाई, त्याची पावती नसे आणि त्याचा पुरावाही नसे. ज्याच्यापाशी रोकड आणि ओळख, त्याला खोली. ज्याच्यापाशी दोन्ही नाही, तो झोपडपट्टीत. गरिबाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याने आतल्या गरिबाचे रक्षण केले आणि बाहेरच्या गरिबाला बाहेरच ठेवले. असा न्याय करणे मला कठीण वाटते, पण तसे झाले खरे.

मालकांनी पळवाट काढली ती 'लीव्ह अँड लायसन्स' ची. भाडेकरार म्हणायचे नाही, परवानगी म्हणायचे. तीही १९७३ साली अंगलट आली. सरकारने कायद्यात दुरुस्ती केली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे जे चालू लायसन्सवर जागेत राहत होते ते सारे एका दिवसात संरक्षित भाडेकरू झाले. भाडेकरूंनी पेढे वाटले असतील. पण घरमालकांच्या मनात जी भीती बसली ती त्यांच्या मुलांना वारसाहक्काने मिळाली. आखातातून पैसे पाठवून गावी बंगला बांधणारे आपले कितीतरी भाऊ आजही घराला कुलूप घालून ठेवतात. भाड्याने दे म्हटले तर म्हणतात, 'नको बाबा, बसेल तो कायमचा.' त्या वाक्यामागे १९७३ साल उभे आहे हे त्यांना ठाऊकही नसते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. त्यातली किती याच भीतीने बंद असतील, कोण जाणे.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सांगितले की भाडे असे कायम गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. वर्षाला चार टक्के भाडेवाढ मान्य झाली. पागडी कायदेशीर झाली. आणि पाटीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागेल आणि त्याला काढण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे लवकर दाद मागता येईल, अशी तजवीज झाली. मालकाचा धीर परतला आणि त्याबरोबर पाटीही परतली.

त्याच कायद्याचे ५५ वे कलम मालक-पालकांनी नीट वाचावे. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदला नाही तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते धरले जाईल, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लोक अजून अकरा महिन्यांचा करार करतात आणि समजतात की बारा महिन्यांच्या आत असला म्हणजे नोंदणी लागत नाही. ती समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलेली आहे. तेथे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती. अकरा महिन्यांची सवय राहिली, तिचे कारण मात्र आपल्याकडे संपले. भाड्याची पावती देणे हेही मालकावर बंधनकारक आहे, आणि भांडण झाले म्हणून पाणी किंवा वीज तोडता येत नाही. विद्यार्थी मित्रांनो, शहरात खोली घेऊन राहाल तेव्हा एवढे तोंडपाठ असू द्या.

इथवर कायद्याचा इतिहास झाला. आता पाटीवरील शेवटच्या ओळीचा.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीवर हजर झाले. बडोद्यात त्यांना राहण्यास घर मिळेना. जात सांगितली की दार बंद. अखेर ते पारशी नाव धारण करून एका पारशी विश्रामगृहात राहिले, दिवसाला दीड रुपया देऊन. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास फर्मावले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे त्यांनी आसरा मागितला आणि दोघांनीही काही ना काही कारण सांगितले. त्या दिवसाचे उरलेले तास त्यांनी कामाठीबागेत बसून काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती वाचताना माझे लक्ष एका बारकाव्याकडे जाते : नाकारणारे तिन्ही वेगवेगळ्या धर्मांचे होते. पिढीची सर्वांत मोठी पदवी घेतलेला माणूस बागेच्या बाकावर बसला होता आणि त्याला घर न देण्याबाबत तीन धर्मांचे एकमत होते.

स्वराज्यानंतर काय झाले? घटनेच्या १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, जात, वंश यांवरून मज्जाव करता येणार नाही असे सांगितले. खाजगी घर त्या यादीत नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने, ज्याचे नाव १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झाले, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास मज्जाव करणे गुन्हा ठरवले. धर्मावरून घर नाकारणाऱ्या खाजगी मालकाला मात्र असा थेट कायदा नाही. उलट २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला.

बाहेरच्या जगात पाहाल तर इंग्लंडने १९६५ साली वंशभेदाविरुद्ध कायदा केला तेव्हा घरे त्यातून वगळली होती. १९६८ साली ती आत घेतली आणि भेदभावाची जाहिरातही बेकायदा ठरवली. अमेरिकेत त्याच वर्षी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, घरांविषयीचा कायदा झाला. त्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मालक ज्या लहानशा इमारतीत स्वतः राहतो, तेथे चारपर्यंतच बिऱ्हाडे असतील तर भाडेकरू निवडताना त्याला सूट आहे. पण पाटीवर 'अमक्यांनी येऊ नये' असे लिहिण्याची सूट त्यालाही नाही. मनात काय ठेवावे यावर कायद्याने हात ठेवला नाही, भिंतीवर काय लिहावे यावर ठेवला.

आता मी आपल्या समाजाच्या नेहमीच्या तक्रारीकडे येतो, आणि ती माझीही आहे. १९८० च्या दशकात मुंबईत नोकरीसाठी खोली शोधताना मी चार ठिकाणी गेलो. टेलिफोनवर खोली रिकामी असे. दारात नाव सांगितले की ती 'कालच गेली' असे. आपल्यापैकी ज्यांनी मुलामुलींना शिक्षणासाठी मुंबई–पुण्यास पाठवले आहे त्यांना हे सांगायला नको. शिकलेला मुलगा पुन्हा त्याच जुन्या मोहल्ल्यात, एका खोलीत सहाजण, असा राहतो. त्याचे कारण प्रत्येक वेळी पैसा नसतो.

परंतु, वाचकहो, त्या चार खोल्यांच्या आधी एक पाटी मी स्वतःच्या हाताने रंगवली होती. वडिलांनी घराच्या मागच्या अंगास दोन खोल्या काढल्या होत्या. माझे अक्षर चांगले म्हणून ब्रश माझ्या हाती आला. 'दोन खोल्या भाड्याने देणे आहे. फक्त मुस्लीम कुटुंबास.' दुसरे वाक्य वडिलांनी सांगितले आणि मी ते जरा मोठ्या अक्षरांत काढले. मला त्यात काही गैर वाटले नाही. आठवड्याभरात एक ठाकूर गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा आश्रमशाळेतून दहावी झालेला, कर्जतला पुढे शिकणार होता. वाडीतून रोज उतरायचे आणि चढायचे म्हणजे पावसाळ्यात ओढे आडवे. बाप्याने पाटी वाचली नसावी, किंवा वाचूनही विचारून पाहावे असे त्याला वाटले असावे. भाडे आगाऊ देतो म्हणाला. कमरेच्या पिशवीतून नोटा काढूनही दाखवल्या. वडील म्हणाले, 'उद्या या, सांगतो.' दोघांनाही कळले होते की उद्या काही नाही. तो मुलगा माझ्याच वयाचा होता. मी ओसरीवर बसून होतो आणि त्याने एकदा माझ्याकडे पाहिले होते. मुंबईत चौथ्या दारावरून परत फिरताना मला ते आठवले. आधीच्या तीन वेळा आठवले नव्हते, हेही सांगून टाकतो.

वडील कठोर नव्हते. ते म्हणत, स्वयंपाक वेगळा, सण वेगळे, उगाच कुरबूर नको. मला मुंबईत ज्यांनी नाकारले तेही घरात बसून हेच म्हणाले असतील, शब्द फिरवून.

ठाकूर समाज अनुसूचित जमातीत मोडतो. त्यांच्या जमिनीस कायद्याने एक वेगळे कुंपण घातले आहे. जमीन महसूल संहितेच्या १९७४ च्या दुरुस्तीप्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विकणे तर सोडाच, पट्ट्याने देण्यासही कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते. सावकार आणि दलाल यांच्या हाती गेलेल्या जमिनी पाहून हा कायदा करावा लागला. आज कर्जत–खालापूर पट्ट्यात नदीकाठी, डोंगरपायथ्याशी फार्महाऊस उभी आहेत आणि शनिवार–रविवारसाठी ती मुंबईकरांना भाड्याने दिली जातात. त्यांच्या जाहिराती मोबाईलवर फिरतात : धबधबा जवळ, पोहण्याचा तलाव, वीस माणसांची सोय. दीडशे वर्षांपूर्वीच्या माथेरानच्या बंगल्याची ही नातवंडेच म्हणा. राखणीला पुन्हा वाडीतलाच माणूस असतो, आणि किल्ली पुन्हा त्याच्याच कनवटीला. जाहिरात कोणी देत असेल आणि जमीन कोणाच्या नावावर आहे हे ठाऊक नसेल, तर आधी सातबारा पाहावा हे बरे.

आणि घर म्हणजे काय असते ते १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळवाडीने दाखवले. दरड आली आणि वाडीचा बराच भाग मातीखाली गेला. जे वाचले त्यांना प्रथम पायथ्याशी लोखंडी कंटेनरांच्या घरांत ठेवण्यात आले आणि नंतर सरकारने पक्की घरे बांधून दिली. मधल्या काळात त्यांच्यासाठी 'भाड्याने देणे आहे' ही पाटी कोणाच्या दारी किती उपयोगाची ठरली असती, हा प्रश्न मी स्वतःला विचारला होता.

वडील गेल्यावर त्या दोन खोल्या पुष्कळ वर्षे बंद होत्या. काही वर्षांपूर्वी त्या पुन्हा द्यायचे ठरले, तेव्हा पाटी रंगवून घेतली नाही. कागदावर लिहून लावली. भाडे किती, अनामत किती, स्टेशनपासून चालत किती मिनिटे, वीजमीटर स्वतंत्र, पाणी सकाळी एक तास. एवढे लिहून झाल्यावर लेखणी थोडी थांबली. धाकटा भाऊ म्हणाला, 'शेवटची ओळ?' मी म्हटले, जागा संपली. तो कागद पाहून म्हणाला, 'अर्धा कोरा आहे.' त्या कागदावर आमच्यात अर्धा तास वाद झाला, आणि वाद सगळा माझ्याच बाजूने संपला असे नाही. त्याचे म्हणणे होते की बाहेर आपल्याला कोणी देत नाही, मग आपली दोन दारे आपल्या माणसांसाठी नकोत काय? याला माझ्यापाशी पुरते उत्तर नव्हते, आजही नाही. समाजातील एखादी विधवा, एखादा शिकणारा पोरगा यांना आपण नाही तर कोण जागा देणार? ती ओळ लिहिली नाही एवढेच. जमातीत निरोप मात्र भावाने दिला, आणि मी त्यास हरकत घेतली नाही.

पाचजण येऊन गेले. तिघांना पाणी कमी वाटले. एकाला भाडे जास्त वाटले. पाचवी एक परिचारिका होती. तिला खोलीपेक्षा आधी रात्रपाळीनंतर फाटक उघडे मिळेल का, याची चौकशी करायची होती. फाटकाची वेगळी किल्ली तिला करून दिली. करार अकरा महिन्यांचाच केला, सवयीने, पण नोंदवून घेतला. आणि पाणी सकाळी सहा ते सात येते, हेही तिच्या सांगण्यावरून त्यात लिहिले.